साडूने काढलेला फोटो

माझ्या साडूने नोकरी सोडल्याची बातमी मला सासऱ्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, तोंडात घास असताना कळली. मला जोराचा ठसका लागला. सगळे म्हणाले, "बघा, यांना केवढा धक्का बसला!" धक्का बसला होताच, पण त्याआधी क्षणभर मला आनंद झाला होता. मला वाटलं, आता याची चांगली खरडपट्टी निघणार आणि ती बघायला मी अगदी समोरच बसलोय.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझ्याच विमा कंपनीत होता. त्याला तिथे चिकटवला मी. साहेबांकडे शब्द टाकला, मुलाखतीच्या आदल्या दिवशी घरी बोलावून काय बोलायचं ते पढवलं. नंतर तो भराभर वर चढत गेला आणि विक्री विभागाचा प्रमुख होऊन माझ्या डोक्यावर दोन मजले जाऊन बसला. काचेची केबिन, कंपनीची गाडी, आणि स्वभाव इतका गोड की त्याच्यावर धड रागावायचीही सोय नाही. आणि आता हा गडी, मीठ द्या म्हणावं तितक्या सहज म्हणाला, "राजीनामा दिला. आता पूर्णवेळ फोटोग्राफीच करणार."

मी सासऱ्यांकडे बघितलं. त्याला कारण होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी याच टेबलावर मीही असंच काहीतरी बोललो होतो. एक छोटा स्टुडिओ काढावा असं मनात आहे, नोकरीत जीव रमत नाही, वगैरे. तेव्हा सासऱ्यांनी ताटातून मान वर न करता म्हटलं होतं, "फोटो काय, रविवारीही काढता येतात." विषय संपला. मी रविवारी फोटो काढू लागलो आणि कुणी विचारलं की सांगू लागलो, अहो, फोटोग्राफीवर कुणाचं घर चालतं का?

तर सासरे उठले. टेबलाला वळसा घालून साडूपाशी गेले आणि त्यांनी त्याची पाठ थोपटली. "शाब्बास. माणसाने एकदा तरी मनासारखं करून बघावं. तू कर." मला ते अजून 'तुम्ही' म्हणतात, त्याला पहिल्या दिवसापासून 'तू'. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय, बरोबर आहे ना? तुम्हाला तर यातलं कळतं."

"अगदी बरोबर," मी म्हटलं आणि अख्खा ग्लास पाणी प्यायलो.

यातलं मला कळतं म्हणजे काय? या कुटुंबात फोटो म्हणजे मी. कुणाचा वाढदिवस असो, कुणी परदेशी निघालेलं असो, कुणाला बाळ झालेलं असो, कॅमेरा माझ्या गळ्यात. उंच माणसं मागे, बुटकी पुढे, मुलं खाली मांडी घालून, कॉलर नीट, केस नीट, "इकडे बघा," आणि खटॅक. माझ्या फोटोत कुणाचं डोकं कापलेलं नसतं, कुणाचे डोळे मिटलेले नसतात. सासूबाई नेहमी म्हणतात, "तुमचे फोटो कसे स्वच्छ येतात हो." आणि साडूला कॅमेऱ्याची कळ कुठे असते हेही माहीत नव्हतं. एका सहलीत तो माझ्या शेजारी बसला आणि "दादा, हे काय असतं, दादा, ते काय असतं" करत डोकं खात राहिला. मी नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना त्याला दिला. विकला नाही, दिला. हे मी त्याला अधूनमधून सांगतो आणि तो दर वेळी "हो ना दादा, तिथूनच सुरुवात झाली" असं म्हणून मला आणखी चिडवतो.

माझं नोकरीतलं कामही फोटोंचंच आहे. मी क्लेम विभागात आहे. गाडी ठोकली, गोदाम जळलं, दुकानात पाणी शिरलं की सर्व्हेअर तिथे जाऊन फोटो काढतो आणि ते माझ्या टेबलावर येतात. फोटोवर विश्वास ठेवायचा नाही, याचा मला पगार मिळतो. दाराला पोचा आलाय म्हणतात, पण तो कालचा की मागच्या वर्षीचा? पोच्याच्या कडेला गंज धरला असेल तर तो जुना, आणि हे लोक कालच्या अपघाताच्या नावावर जुनं नुकसान खपवायला बघतायत. मी फोटो डाव्या कोपऱ्यापासून वाचायला घेतो आणि गंज शोधत जातो. इतक्या वर्षांत फार थोड्यांनी मला फसवलं असेल.

आता मला काय हवं होतं ते सरळच सांगतो. साडूचं वाटोळं व्हावं असं नव्हतं. शेवटी ते माझ्या मेहुणीचं घर आहे. फक्त जमू नये. त्याने थोडे हातपाय मारावेत, थकावं, आणि परत येऊन म्हणावं, दादा, तुम्ही म्हणत होता तेच खरं. कारण याचं जमलं, तर मी इतकी वर्षं जे सांगत आलो ते खोटं ठरणार होतं. घर चालत नाही म्हणून मी थांबलो, असं मग म्हणता आलं नसतं. मी नुसताच थांबलो होतो, एवढंच उरलं असतं.

सुरुवात तर माझ्या मनासारखी झाली. साडूला कामं मिळेनात. मिळाली ती अशी: एका दुकानाच्या वेबसाइटसाठी चपलांचे फोटो. विकायला काढलेल्या फ्लॅटच्या न्हाणीघराचे फोटो. एका दंतवैद्याला त्याच्या खुर्चीचे फोटो हवे होते. मी प्रत्येक कामाची आस्थेने चौकशी करायचो. "चपला डाव्या पायाच्या काढल्यास की उजव्या?" असं मी जेवताना विचारलं तेव्हा बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. साडू मात्र हसून म्हणाला, "दोन्ही, दादा. पण डावी जास्त फोटोजेनिक होती." कंपनीची गाडी परत गेली होती, तो बसने येऊ लागला. मी त्याला कुठली बस कुठे मिळते ते समजावून सांगितलं. त्या दिवशी मला छान झोप लागली.

साहेब मला लिफ्टमध्ये भेटले की विचारायचे, "काय म्हणतायत तुमचे साडू?" मी म्हणायचो, "चाललंय." पण असं म्हणायचो की ऐकणाऱ्याला वाटावं, चाललेलं नाही. साहेब म्हणायचे, "त्यांची जागा मी अजून भरलेली नाही. हवं तर या म्हणावं." हा निरोप मी लगेच पोचवला. चांगली गोष्ट सांगायला कशाला उशीर करायचा?

म्हणून एका सकाळी साडू कंपनीच्या दारातून आत येताना दिसला तेव्हा माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, खांद्याला मोठी बॅग. मी रिसेप्शनपर्यंत धावत गेलो. भर हॉलमध्ये त्याला मिठी मारली. "ये, ये. आलास ना शेवटी! अरे, यात लाजण्यासारखं काही नाही."

"लाजायचं कशाला दादा?" तो म्हणाला. "साहेबांनी काम दिलंय. तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी? नवीन रिसेप्शनच्या भिंतीवर सगळ्या स्टाफचे फोटो लावणार आहेत. ते मी काढायचेत."

माझे हात अजून त्याच्या खांद्यांवर होते. ते मी काढून घेतले. गेली कित्येक वर्षं या कंपनीच्या प्रत्येक समारंभाचे फोटो मी फुकटात काढत आलोय. माझ्या नशिबी "थँक यू सर" आणि चहा. आणि हाच भिंतीचा विषय निघाला तेव्हा साहेबांना दोन मजले खाली बसणारा मी आठवलो नाही, बसने येणारा हा आठवला.

तिसऱ्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत त्याने ठाण मांडलं. मी माझ्या टेबलावर बसून जळक्या गोदामाचे फोटो बघायचा प्रयत्न केला, पण लक्ष लागेना. एकेक जण वर जायचा आणि खाली येताना वेगळाच होऊन यायचा. आमचा हिशेबनीस, जो आरशातही स्वतःकडे बघत नसेल, तो खाली आला तो शीळ घालत. मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत कसाबसा दम धरला. मग काही मदत लागतेय का बघतो, असं स्वतःला सांगून वर गेलो.

मला त्याची पद्धत बघवेना. लाइट भलतीकडेच. पडदे अर्धवट उघडे. आणि तो लोकांना "हसा" म्हणत नव्हता, "सरळ बसा" म्हणत नव्हता, काहीच म्हणत नव्हता. समोरच्याशी गप्पा मारत बसायचा आणि मध्येच कधीतरी कळ दाबायचा. निम्म्या वेळा समोरच्याला पत्ताच नसायचा.

"असं कुठे काढतात का फोटो?" मी म्हटलं. "सावली बघ किती पडतेय गालावर. हा लाइट इथे काय करतोय?"

"मग कसा लावू? तुम्हीच लावा ना दादा," तो म्हणाला. "आता तसाही तुमचाच नंबर आहे."

मी बाह्या सरसावल्या. खरं सांगतो, त्या दिवसभरातली तीच काय ती सुखाची घटका. लाइटचा स्टँड खिडकीच्या बाजूला नेला. त्याची पांढरी छत्री वर करून थोडी तिरकी केली, म्हणजे उजेड एका बाजूने मऊ येईल. पडदे ओढले. मागची भिंत मोकळी केली, स्टूल भिंतीपासून हातभर पुढे घेतलं. कॅमेरा स्टँडवरच होता, त्याचे आकडेही मीच बदलले. त्याला म्हटलं, "आता बघ. मी बसतो, तू एक टेस्ट शॉट घे. लाइट कसा पडतो तेवढं बघायचंय. माझ्या तोंडाकडे बघू नकोस."

टेस्ट शॉट म्हणजे नुसती चाचणी. तो कुणी ठेवत नाही. त्यासाठी कुणी केसही नीट करत नाही. मी तसाच बसलो, बाह्या वर, टाय सैल.

तेवढ्यात रिसेप्शनवरची मुलगी दारातून डोकावली. तिचा फोटो सकाळी काढून झाला होता आणि तो बघायला मिळेल का असं तिला विचारायचं होतं. साडूने शेजारच्या खुर्चीवरचा लॅपटॉप तिच्याकडे वळवला. ती वाकली आणि अगदी स्क्रीनजवळ गेली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "हा मी आईला पाठवू का? तिला वाटतं मी इथे कामात खूप दमते."

"पाठव की," साडू म्हणाला. त्याचा एक हात कॅमेऱ्यावर होता आणि तो तिच्याकडे बघून हसत होता.

त्या मुलीचे मी कमीत कमी पन्नास फोटो काढले असतील. प्रत्येकात तिचे डोळे उघडे आहेत. त्यातला एकही तिने आईला पाठवायला मागितला नव्हता. मी स्टुलावर बसून साडूकडे बघत होतो. खटॅक आवाज आला तेव्हाही बघतच होतो.

"लाइट झकास आहे दादा," तो म्हणाला.

"मी सांगत नव्हतो?" मी म्हटलं. मग टाय घट्ट केला, भांग पाडला, हनुवटी किंचित वर, आणि माझा खरा फोटो काढून घेतला. हसरा, स्वच्छ. स्क्रीनवर बघून मीच पसंत केला आणि खाली आलो.

भिंत छान झाली असं सगळे म्हणतात. मी तिच्यासमोरून जाताना मोबाइलमध्ये बघतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, साडू आणि मेहुणी आमच्याकडे आले. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं. मेहुणी येताना नेहमी चिवचिवाट करत येते, ती गप्प होती. बायकोने टेबल पुसून दिलं आणि त्याने कागद सोडला.

तो टेस्ट शॉट होता. चांगला मोठा, काळापांढरा प्रिंट.

"दादा, आधी सांगतो काय आहे ते," साडू म्हणाला. "गावातल्या मोठ्या हॉलमध्ये नव्या फोटोग्राफरांचं प्रदर्शन आहे. निवड करणाऱ्या बाईंनी माझं सगळं काम बघितलं. म्हणाल्या, बाकीचं बरं आहे, पण असं बरं काम पुष्कळांचं असतं. हा देत असाल तर तुम्हाला घेते. प्रदर्शनात लागलो तर त्या पुढच्या वर्षभराचं एक मोठं काम द्यायला तयार आहेत. नाहीतर..." त्याने मेहुणीकडे बघितलं.

"नाहीतर सोमवारी हा तुमच्या साहेबांना फोन करणार," मेहुणी म्हणाली. "आमचं ठरलंय भाऊजी. माझ्या एकटीच्या पगारात आता भागत नाही."

"पण फोटो तुमचा आहे," साडू म्हणाला. "तुम्ही नाही म्हणालात तर मी तो त्यांना देणार नाही. आणि वाईटही वाटून घेणार नाही."

म्हणजे सगळंच माझ्या हातात आलं होतं. मी चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. मोकळी भिंत. लाइटच्या स्टँडचा एक पाय, तो कापायला हवा होता. खांदा. वर केलेली बाही. सैल टाय. मग चेहरा. आणि तिथे मी अडकलो.

तो माणूस चौकटीबाहेरच्या कुणाकडे तरी बघत होता. ओठ मिटलेले, पण आत दात आवळलेले कळत होते. नाकपुड्या जराशा फुललेल्या. राग म्हणावा तर डोळ्यांत राग नव्हता. भूक होती. उजेड एका बाजूने इतका मऊ येत होता की कपाळावरची, डोळ्यांखालची, तोंडाच्या कडेची एकेक रेघ सुटी दिसत होती, आणि त्या रेघा काही त्या दिवशी दुपारी पडलेल्या नव्हत्या. सर्व्हेअरने हा फोटो पाठवला असता तर मी क्षणात शेरा मारला असता: नुकसान जुनं आहे.

माझी मुलगी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "बाबा, असा का बघतोयस तू? कुणी तुझं काही घेतलंय का?"

बायको टेबलाचा पुसलेला भाग पुन्हा पुसू लागली.

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही असेल, पण ती नंतर. सगळ्यात आधी मला वाटलं ते असं, की काय फोटो आहे! इतकी वर्षं मी लोकांना उंचीप्रमाणे उभं करत राहिलो आणि एकदाही मला असा एक चेहरा मिळाला नाही. लाइट माझा, छत्री माझी, स्टूल मी ठेवलेलं, आकडे मी लावलेले, चेहरासुद्धा माझाच. त्याने फक्त कळ दाबली. आणि ती कधी दाबायची एवढंच त्याला कळलं होतं, मला नाही. माझ्याच फोटोवरून माझा जळफळाट होत होता.

"डावा कान फोकसमध्ये नाही," मी म्हटलं.

"खरंय," साडू म्हणाला.

"हा स्टँडचा पाय आलाय. आणि मागची भिंत जरा जास्तच उजळ झालीये."

"तेही खरं आहे."

"मग तो हसरा फोटो का देत नाहीस? तो सगळ्या दृष्टीने नीट आहे."

"तो छानच आहे दादा," तो म्हणाला. "पण त्यात तुम्ही मला काही कळू देत नाही."

मी चहा टाकतो म्हणून उठलो. आमच्या घरात मी कधी चहा टाकत नाही, त्यामुळे बायको लगेच मागोमाग स्वयंपाकघरात आली. मी डबे उघडत होतो. तिने माझ्या हातातला डबा घेतला आणि साखरेचा पुढे केला.

"नाही म्हणायचं असेल तर सरळ म्हणा," ती हळू आवाजात म्हणाली. "कानबिन काढत बसू नका."

"लोक काय म्हणतील? भर हॉलमध्ये असलं तोंड लावायचं?"

"ते तोंड मी रोज बघते. आमच्या बाबांकडून जेवून आलो की बघते, त्याचं नाव निघालं की बघते. चार लोकांनी बघितलं तर काय मोठं बिघडणार आहे?"

मला वाटत होतं, तिला काही माहीत नाही. मी इतका गोड वागत होतो. बसचे नंबरसुद्धा सांगितले होते.

तिने गॅस लावला. "तुम्ही नाही म्हणा. तो सोमवारी फोन करील. मंगळवारी येऊन पुन्हा त्या काचेच्या केबिनमध्ये बसेल. तुम्हाला तेच हवं होतं ना?"

मी साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"मग? तो परत आला की बुधवारी तुम्ही काय करणार?"

"मी काय करणार? आहे तेच."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि दूध उतू जायच्या आत खाली उतरवलं.

बुधवारचा मी खरोखरच कधी विचार केला नव्हता. तो परत येतो, मान खाली घालतो, दादा तुमचंच खरं म्हणतो, इथपर्यंत माझं सगळं रंगवून झालेलं होतं. त्याच्या पुढे काहीच नव्हतं. पुढे माझं तेच टेबल आणि तीच जळकी गोदामं. तो हरला म्हणून मला काही स्टुडिओ मिळणार नव्हता. उलट लिफ्टमध्ये रोज दोघे शेजारी शेजारी उभे राहिलो असतो, दोघेही रविवारची वाट बघत. त्याला तसं उभं राहिलेलं बघायला मला आवडलं असतं का? थोडं आवडलं असतं. खोटं कशाला बोलू?

मी बाहेर आलो. मेहुणी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. साडू प्रिंट पुन्हा कागदात गुंडाळायला लागला होता, म्हणजे माझं उत्तर त्याने धरूनच ठेवलं होतं. तेही मला झोंबलं.

"ठेव तो," मी म्हटलं. "लाव हॉलमध्ये. माझं नाव नको. पण लाइट मी लावला होता हे लिही."

मेहुणी रडता रडता हसली. साडूही हसला. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

प्रदर्शनाला सगळं घर लोटलं. सासरे काठी टेकत आले, सासूबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या. मी नवा शर्ट घातला होता आणि दारातून आत शिरतानाच चेहऱ्यावर हसू चढवलं होतं. म्हटलं, आज कितीही काही झालं तरी हे उतरू द्यायचं नाही.

मी समोरच्या भिंतीवर होतो. दाराएवढा मोठा. खाली बारीक अक्षरांत साडूचं नाव आणि त्याखाली, मी सांगितल्याप्रमाणे, 'प्रकाशयोजना: फोटोतील गृहस्थ.' बाकीच्या फोटोंसमोरून लोक चालत जात होते, माझ्यासमोर थांबत होते. कुणी एक पाऊल मागे जायचं, कुणी मान तिरकी करायचं. दोन तरुण मुलं आपापसात कुजबुजली आणि मग दोघंही फोटोच्या आणखी जवळ गेली. मी फोटोच्या अगदी शेजारी उभा राहिलो, कुणीतरी ओळखेल म्हणून. घाबरतही होतो आणि वाटही बघत होतो. पण इतकी माणसं आली नि गेली, एकानेही फोटोवरून नजर काढून माझ्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही.

शेवटी एक म्हातारी बाई आली. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून तिने फोटो खालपासून वरपर्यंत बघितला, मग मला विचारलं, "तुम्ही ओळखता का हो यांना?"

"मीच आहे तो," मी हसून म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. "काहीतरीच काय! तुम्ही तर चांगले हसरे आहात."

"नाही हो, खरंच. हा माझ्या साडूने..."

तेवढ्यात हॉलच्या दुसऱ्या टोकाला हशा पिकला. साडूभोवती घोळका जमला होता. निवड करणाऱ्या बाई तिथे होत्या, आमचे साहेबही होते. आणि मध्यभागी सासरे, काठी काखेत मारून, दोन्ही हात साडूच्या खांद्यांवर ठेवून मोठ्याने सांगत होते, "हा आमचा जावई!" धाकटा जावई म्हणाले नाहीत. एकच असल्यासारखं म्हणाले. साडू मान खाली घालून लाजत होता आणि त्याच्या मागे माझी बायको उभी राहून टाळ्या वाजवत होती. इतक्या वर्षांत मी तिचे शेकड्याने फोटो काढले, तसा चेहरा तिने मला एकदाही दिला नव्हता. मी बघत राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

शेजारून कुणीतरी माझ्या कोपराला हात लावला. ती म्हातारी अजून तिथेच होती आणि टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अगं बाई, खरंच की," ती म्हणाली. "तुम्हीच आहात." आणि मला दाखवायला तिने नवऱ्याला हाक मारली.